३ नोव्हेंबर १९५४ : 'गोजिरा' पडद्यावर

तोहो कंपनीचा 'गोजिरा' १९५४ मध्ये आजच्या दिवशी जपानभर प्रदर्शित झाला. जग त्याला गॉडझिला म्हणून ओळखते. समुद्रातून वर येऊन टोकियो तुडवणारा हा अजस्र प्राणी आज बच्चेकंपनीचा लाडका असला, तरी त्याचा जन्म मुलांच्या करमणुकीसाठी झालेला नाही. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवरचे २३ खलाशी किरणोत्सारी राखेखाली सापडले. त्यांतला रेडिओचालक सप्टेंबरमध्ये दगावला. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी युद्धावरून परतताना हिरोशिमाची राखरांगोळी पाहिली होती. त्यांचा गोजिराही हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनेच जागा होतो.

बाहुली तसूतसूने हलवून चित्रण करायला वेळ नव्हता आणि पैसाही. म्हणून विशेष दृश्यपरिणाम सांभाळणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी सरळ माणसालाच रबरी पोशाख चढवला. तो जडशीळ पोशाख घालून हारुओ नाकाजिमा घामाघूम होत खेळण्यातले टोकियो तुडवत राहिले. डरकाळी मात्र कोणा प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी ती डबल बासच्या तारांवर चामडी हातमोजा घासून मिळवली!

१९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर यांनी साकारलेला वार्ताहर घुसवला गेला आणि अणुबॉम्बची सल बरीच बोथट झाली. तेव्हा पाहायचाच असेल, तर मूळ जपानी चित्रपटच पाहा.