इनामगाव
महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचे एक महत्त्वाचे स्थळ. ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी घोड हिच्या उजव्या काठी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे विस्तृत उत्खनन केले. माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) व उत्तर जोर्वे (१०००–७००) असे वस्तीचे तीन कालखंड आढळले.

पूर्व जोर्वे काळी लोक कुडाच्या, प्रशस्त चौकोनी घरांत राहत. जव हे मुख्य पीक होते. पाण्यासाठी पाट व त्याला लागून बांध घातलेला होता. पाच खोल्यांचे एक घर व त्याशेजारील धान्यकोठार यांवरून समाजात प्रमुखाचे स्थान असावे, असे अनुमान करतात. बालकांचे दफन तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, घराच्या जमिनीखाली करीत. प्रौढांना पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने घर सोडून जाऊ नये, ही त्यामागील भावना असावी.

उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, शेती घटली व शिकारीवरील भर वाढला. वाढत्या अवर्षणामुळे ही अवनती झाली, असे उत्खननकांचे मत आहे. इ. स. पू. सु. ७०० मध्ये वस्ती उठली. पर्जन्यछायेतील शेतकरी समाजाचे उत्कर्ष-अपकर्ष एकाच ठिकाणी दिसत असल्याने इनामगावला विशेष महत्त्व आहे.