मतपत्रिकेवरील नाव बदलण्याची कुळकथा

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मतपत्रिका छापण्याचे काम सरकारकडे नव्हते. प्रत्येक पक्ष आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी स्वतः छापून मतदाराच्या हाती देई, आणि उमेदवार मागे हटला, अंथरुणाला खिळला वा मृत्यू पावला, तर नवी चिठ्ठी काढून किंवा जुन्या नावावर डिंक लावलेली पट्टी चिकटवून काम भागे. १८६० साली डेमोक्रॅटिक अधिवेशन उठल्यावर उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराने, बेंजामिन फिट्झपॅट्रिक यांनी, उमेदवारी नाकारली, तेव्हा पक्षाच्या राष्ट्रीय समितीनेच हर्शेल जॉन्सन यांचे नाव मुक्रर केले. रिकामी जागा भरण्याचा समितीचा अखत्यार पुढे याच वाटेने रूढ झाला.

१८८८ पासून मॅसॅच्युसेट्सच्या पाठोपाठ एकेका राज्याने सरकारी छापाची गुप्त मतपत्रिका स्वीकारली. ही सुधारणा सर्वथा इष्ट होती. परंतु नावे सरकारदरबारी दाखल करण्याची मुदत तिच्याबरोबरच आली, आणि मनुष्याच्या नश्वर देहाला छापखान्याचे वेळापत्रक बांधले गेले. १९१२ साली उपाध्यक्ष जेम्स शर्मन यांना मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासले होते. वैद्यांचा सल्ला बाजूस सारून त्यांनी ऑगस्टमध्ये युटिका या आपल्या गावी उमेदवारी स्वीकारण्याचे भाषण केले, आणि ३० ऑक्टोबरला, मतदानास सहा दिवस उरले असता, तेथेच त्यांचे निधन झाले. मतपत्रिका छापून झाल्या होत्या. सुमारे ३५ लाख मतदारांनी अध्यक्ष टॅफ्ट आणि दिवंगत शर्मन यांच्या जोडीला मत दिले. कायद्याच्या दृष्टीने ते मत प्रत्यक्ष उमेदवाराला नसून अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांना असल्याने, त्यांच्या पदरी पडलेल्या आठ निर्वाचकांची उपाध्यक्षपदाची मते कोलंबिया विद्यापीठाचे निकोलस मरे बटलर यांना देण्याची तजवीज पक्षाने नंतर केली.

आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार ऐन निवडणुकीत वारला, तर मतदान पुढे ढकलून पक्षाला नवे नाव देण्यासाठी सात दिवसांची सवड मिळते. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस १८४५ च्या कायद्याने सर्व राज्यांसाठी एकच ठरलेला असल्याने तेथे तारीख हलत नाही, नावच हलवावे लागते.

२७ जून २०२४ रोजी अटलांटा येथील वादसभेत एक्क्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष जो बायडेन वाक्ये अर्धवट सोडताना आणि विचाराचा धागा हरवताना साऱ्या देशाने पाहिले, आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. ओहायो राज्याची ७ ऑगस्टची मुदत शिकागोच्या अधिवेशनापूर्वीच संपत असल्याने प्रतिनिधींची मते आधीच दूरस्थ पद्धतीने नोंदविण्याचा निर्णय पक्षाने मे महिन्यात घेतला होता; बायडेन यांच्यासाठी आखलेल्या त्याच मतनोंदणीतून ५ ऑगस्टपर्यंत कमला हॅरिस यांची उमेदवारी सिद्ध झाली. बायडेन यांचे नाव अजून राज्यांच्या दफ्तरी अधिकृतपणे रवाना झालेले नव्हते, म्हणून ही अदलाबदल निर्वेध पार पडली. हीच माघार सप्टेंबरअखेरीस घडती, तर राज्याराज्यांतून न्यायालयांचे उंबरे झिजवावे लागले असते.

मुदतींची एवढी बारीक तरतूद करणाऱ्या या व्यवस्थेत उमेदवाराच्या प्रकृतीचा दाखला मागणारा संघराज्याचा कायदा मात्र नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. कारण त्यामुळे वृद्ध नेत्याने केव्हा थांबावे याचा निर्णय तो स्वतः, त्याचे कुटुंबीय आणि ज्यांचे हुद्दे त्याच्या हुद्द्यावर अवलंबून आहेत असे त्याचे सल्लागार, एवढ्यांच्याच हाती राहतो.