लाल निशाण उघडलंच नाही

३ एप्रिल १९९३, शनिवार. ठिकाण लिव्हरपूलजवळचं एनट्री रेसकोर्स, शर्यत ग्रँड नॅशनल. खालच्या सगळ्या वेळा मात्र पुण्याच्या आहेत. तिथल्या उन्हाळी घड्याळात साडेचार तास मिळवले की आपली वेळ येते.

दुपारी ३.३०

शनिवार पेठ वामकुक्षीत. इंग्लंडात सकाळचे अकरा वाजलेत आणि पैजेच्या दुकानांत रांगा लागल्यात. एरवी घोड्याकडे ढुंकूनही न बघणारी माणसं वर्षातून एकदा, याच दिवशी, नावावर नाहीतर जॉकीच्या सदऱ्याच्या रंगावर भाळून दोन-चार पौंड लावतात.

पुण्याला रेस नवी नाही. कॅम्पातलं रेसकोर्स १८३० सालचं, आणि पावसाळ्यात मुंबईची रेस इकडे मुक्कामाला येते. पण ती सपाट मैदानावरची. ही दुसरी जात. तिचा उगम आयर्लंडात १७५२ साली दोन गृहस्थांच्या पैजेत सांगतात: एका गावच्या चर्चच्या कळसापासून दुसऱ्या गावच्या कळसापर्यंत घोडा सरळ रेषेत न्यायचा, मध्ये कुंपण, ओढा, चर जे येईल ते उडी मारून पार करायचं. आपल्याकडे म्हणजे ओंकारेश्वराच्या शिखरावरून नजर लावायची ती थेट पर्वतीला, आणि मधले वाडे, बोळ, आंबिल ओढा यांची पर्वा न करता घोडा सोडायचा.

४.३०

एनट्रीच्या मैदानाने हे सगळं कुंपणात बसवलं. १९९३ साली सुमारे सव्वासात किलोमीटर, दोन फेऱ्या, ३० उड्या. 'द चेअर' नावाच्या अडथळ्यापुढे ६ फुटांचा चर, आणि त्यापलीकडे ५ फूट २ इंचांचं कुंपण. १८३९ साली लॉटरी नावाचा घोडा जिंकला तेव्हापासून ही शर्यत मोजतात. त्याच दिवशी कॅप्टन बीचर नावाचा स्वार ओढ्यात पडला आणि डोक्यावरून घोडे जात असताना पाण्यातच दबा धरून बसला. जिंकणारा विस्मरणात गेला. ओढ्याला नाव पडलं बीचरचं.

६.००

विक्रमांची वही बघावी तर निम्मी पडझडीनेच भरलेली. १९२८ साली ४२ घोडे सुटले. न पडता परत आला एकच, टिपररी टिम, भाव शंभरास एक. दुसरा आला तो शेवटच्या उडीला पडून, पुन्हा स्वार चढवून. १९५६ साली राजमातेचा डेव्हन लॉक विजयरेषेपासून हाकेच्या अंतरावर, समोर एकही अडथळा नसताना, पाय फाकून पोटावर बसला. त्याच्या पाठीवरचा डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथा लिहू लागला. या एका रहस्याचा उलगडा त्यालाही झाला नाही. १९६७ साली तेविसाव्या उडीपाशी बिनस्वाराचा एक घोडा आडवा आला, मागचे सगळे एकमेकांवर आदळले, आणि फार मागे रेंगाळलेला फॉइनॅव्हन त्या गर्दीतून वाट काढत जिंकला.

रेड रम तीनदा जिंकला: १९७३, १९७४ आणि १९७७. सर्वांत वेगवान मिस्टर फ्रिस्क, १९९० साली ८ मिनिटं ४७.८ सेकंद. म्हणजे शर्यतीला अपघातांची सवय होती. शर्यत सुरू करून देणाऱ्यांचाच अपघात होईल, याची नव्हती.

७.३०

मंडळी कोण कोण ते सांगून ठेवतो. जेनी पिटमन: १९८३ साली कॉर्बिअरला जिंकवून, ग्रँड नॅशनल जिंकणारा घोडा तयार करणारी पहिली बाई. आज तिचा एशा नेस पन्नासास एक भावाने उभा आहे, स्वार जॉन व्हाइट. शर्यत सुरू करून देणारा अधिकारी कॅप्टन कीथ ब्राउन. निवृत्तीआधीची त्याची ही शेवटची नॅशनल. आणि त्याच्यापुढे सुमारे शंभर यार्डांवर, मैदानात एकटा उभा केन एव्हन्स. त्याचं काम एवढंच: ब्राउनने लाल निशाण फडकवलं की आपणही फडकवायचं, म्हणजे सुटलेले घोडे परत फिरतील.

सपाट रेसमध्ये घोडे स्टार्टिंग गेटच्या पोलादी कप्प्यांत कोंडलेले असतात. दारं एकदम उघडतात. उड्यांच्या लांब शर्यतीत कप्पे नसतात. रुंद मैदानावर एक लवचीक दोरी आडवी ताणतात, ती झटक्यात वर उडते, की निघाले. १९९३ साली ही दोरी एकेरी होती. ३९ घोडे, एक दोरी, दोन निशाणं.

८.२०

ठरलेली वेळ. पेठेत पानं वाढून झाली असतील. तिकडे पहिल्या उडीपाशी निदर्शक घुसलेत. घोड्यांचे हाल थांबवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हटवण्यात मिनिटं जातात. घोडे गोल गोल फिरवले जातात, तापतात, दोरीकडे सरकतात. आणि ३९ स्वारांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: आज मैदानात कुणी हात हलवत आडवं आलं, तर तो निदर्शक.

पहिला प्रयत्न

दोरी उडते, काही स्वार तिच्यात अडकतात. ब्राउन निशाण हलवतो, एव्हन्स हलवतो, पुढे गेलेले परत येतात. यंत्रणा चालली. माझ्या मते घात इथेच झाला. एकदा चाललेली गोष्ट दुसऱ्यांदा कुणी तपासत नाही.

दुसरा प्रयत्न

घोडे पुन्हा दोरीला नाकं लावून. दोरी उडते, आणि रिचर्ड डनवुडीच्या गळ्याभोवती बसते. ब्राउन पुन्हा निशाण उंचावतो. या वेळी कापड दांडीभोवती गुंडाळलेलंच राहतं. उंच धरलेल्या हातात नुसती काठी. पुढे एव्हन्सकडून इशारा होत नाही. नऊजण जागेवर थांबतात. तीसजण चौखूर निघतात.

पहिली दोन मिनिटं

बीबीसीवर पीटर ओसुलिव्हन. जगभरचे प्रेक्षक ३० कोटींच्या घरात असल्याचा अंदाज. पडद्यावर एक शर्यत चाललीये आणि समालोचक सांगतोय की ती शर्यत नाही. घोडे पडतायत, उठतायत, बीचरचा ओढा ओलांडतायत, आणि यातलं काहीच मोजलं जाणार नाही.

जेनी पिटमनला हे कळलेलं आहे. ती वजनघरात घुसून अधिकाऱ्यांपुढे हात जोडते: मला अशी नॅशनल जिंकायची नाही, थांबवा हे. थांबवणार कसं, हे कुणालाच माहीत नाही. सुटलेला घोडा परत बोलवायची एकच सोय होती, ती शंभर यार्डांवर संपली.

चौथं मिनिट

'द चेअर'पुढे अधिकारी कोन मांडतात, हात हलवतात, ओरडतात. जॉन व्हाइटला ते दिसतं. बरेच जण त्यांना वळसा घालून उडी मारतात. त्यांचं काय चुकलं? दहा मिनिटांपूर्वी अशाच हात हलवणाऱ्यांना पोलिसांनी मैदानाबाहेर काढलं होतं.

पुढची पाण्याची उडी गर्दीसमोरच. तिथे ओळखीचे चेहरे, आपापले प्रशिक्षक दिसतात, आणि बरेच स्वार लगाम खेचतात. परक्याच्या ओरडण्याने थांबले नाहीत ते आपल्या माणसाच्या हातवाऱ्याने थांबले. नदीकाठच्या पेठांमधल्या जुन्या माणसांना हे समजावून सांगायला नको. १९६१ च्या जुलैत पानशेत धरणाच्या भिंतीवर जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, आणि इकडे पेठा निर्धास्त झोपल्या होत्या. धरण फुटून आलेल्या त्या पुराशी एका शर्यतीच्या फजितीची बरोबरी नाही, माणसं गेली होती त्यात. पण धोका ठाऊक असलेला एक आणि धोक्यात असलेला दुसरा, ही गत तीच.

बाकीचे दुसऱ्या फेरीला लागतात.

९ मिनिटं १.४ सेकंद

एशा नेस पहिला. कॅहरव्हिलाहाउ दुसरा, रोमनी किंग तिसरा. सात घोड्यांनी अख्खी शर्यत पुरी केली. तोवरच्या इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची वेगवान वेळ, आणि जॉन व्हाइट विजयरेषा ओलांडून बघतो तर सगळीकडे अवघडलेले चेहरे. मग कुणीतरी सांगतं. ओसुलिव्हनने नॅशनलच्या इतिहासातली सर्वांत मोठी आपत्ती म्हणून त्या दुपारची नोंद केली. ब्राउनला लोकांच्या हुर्योतून पोलिसांनी बाहेर नेलं.

रात्री, आणि पुढे

शर्यत रद्द झाली आणि पुन्हा घेतलीही नाही. बुकींनी परत केलेली रक्कम अंदाजे साडेसात कोटी पौंड. न्यायाधीश सर मायकेल कॉनेल यांच्या चौकशीने घोडे दोरीला चिकटू दिल्याबद्दल ब्राउनला, आणि दुसरा चुकीचा प्रारंभ लक्षात न आल्याबद्दल एव्हन्सला दोष दिला. मला एव्हन्सची बाजू थोडी पटते. न फडकलेलं निशाण दिसायचं कसं?

पुढच्या वर्षीपासून दोरी जास्त पेडांची, जाड झाली. परत बोलावणारे दोन झाले, हातात लांबून डोळ्यांत भरणारी झगझगीत निशाणं आणि संपर्काला रेडिओ. १९९४ साली जिंकला मिनेहोमा, पाठीवर रिचर्ड डनवुडी. १९९५ साली जेनी पिटमनला तिची दुसरी नॅशनल मिळाली, रॉयल ॲथलीटमुळे. १९९७ साली बॉम्बच्या धमकीने अख्खं मैदान रिकामं करावं लागलं, शर्यत शनिवारची सोमवारी झाली. पण झाली, आणि विजेत्याचं नाव लागलं.

जॉन व्हाइटला नॅशनल कधीच जिंकता आली नाही. विजेत्यांच्या यादीत १९९३ पुढे घोडा नाही, स्वार नाही, वेळ नाही, फक्त 'रद्द'.