गोळीचा इतिहास आणि आईच्या माथी आलेला दोष

पुणे-बेंगळुरू हायवेच्या कडेला, शिरोली एमआयडीसीत बसून आपण आज गरोदरपणात घ्यायच्या एका गोळीचा इतिहास बघणार आहोत. विषय इथला नाही असं वाटेल. इथं भट्टी, मोल्ड, कास्टिंग आणि मशीन शॉपच्या गप्पा चालतात. पण या गोळीची गोष्टही कारखान्यात राबणाऱ्या बायकांपासूनच सुरू होते, म्हणून ती इथं सांगायला आम्हाला बरं वाटतं.

दुसरंही एक कारण आहे. मुलाला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता आहे, असं निदान झालं की घरात कुणीतरी आईला विचारतं, ‘गोळ्या नीट घेतल्या होत्यास का गं?’ विचारणाऱ्याला ती साधी चौकशी वाटते. ऐकणारीला तो आरोप असतो. या प्रश्नाला इतिहास काय उत्तर देतो, ते आज बघू.

१९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. मार्गारेट बाल्फोर या डॉक्टरांनी तिला बोलावलं होतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी चालली होती. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जबरदस्त ॲनिमिया व्हायचा. अंगात रक्त नाही, धाप लागतेय, आणि त्यातच काही जणी जायच्या. विल्सबाईंनी या बायकांच्या ताटात काय असतं ते तपासलं. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळं आणि दूध कमी, त्यांच्यात हा आजार जास्त, असं दिसलं. मग तसाच आहार त्यांनी माकडांना देऊन पाहिला. माकडांनाही ॲनिमिया झाला आणि तो यीस्टच्या अर्कानं बरा झाला. हा अर्क म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात ते स्वस्तातलं मार्माइट. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष छापले. अर्कातला नेमका गुणकारी पदार्थ कुणालाच माहीत नव्हता, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

पुढं १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला आणि पानावरूनच त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडलं. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे गोष्ट परळच्या गिरणगावात सुरू झाली आणि गोळी तयार झाली एका भारतीयाच्या हाताखाली. आपल्याकडं मात्र या दोघांची नावं फार कुणाला ठाऊक नाहीत.

१९९१ साली दुसरा मोठा टप्पा आला. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर १,८१७ बायकांची चाचणी झाली. या बायकांच्या आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष होता. गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. इथं वेळ महत्त्वाची ठरली. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, दवाखान्यात जायचं ठरलं, नाव नोंदवलं, तोवर हे काम उरकलेलं असतं.

तुमच्यातल्या फौंड्रीवाल्यांना हे लगेच कळेल. एसजी आयर्न करताना मॅग्नेशियम किती लागतं? चिमूटभर. पण ते ओतण्याआधीच पडावं लागतं. मोल्डमध्ये रस गेल्यावर पोतंभर टाकून उपयोग नाही. अर्थात ही उपमा इथंच सोडू. मूल म्हणजे कास्टिंग नव्हे, आणि ऑटिझम असलेलं मूल म्हणजे रिजेक्शन तर नव्हेच नव्हे.

आता ऑटिझमकडं येऊ. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं. त्यानंतर वीसेक वर्षं बऱ्याच तज्ज्ञांनी दोष आईवर टाकला. आई थंड, माया न करणारी, म्हणून मूल असं! १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी या समजाला पुस्तक लिहून आव्हान दिलं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः अशाच एका मुलाचे वडील. १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला, आणि मायेचा मुद्दा निकालात निघाला.

मग गोळीचा मुद्दा आला. २०१३ साली नॉर्वेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ८५,१७६ मुलांचा. गर्भधारणेच्या आसपास फॉलिक ॲसिड घेतलेल्या ६१,०४२ आयांच्या मुलांत तीव्र स्वरूपाचा ऑटिझम ६४ जणांना होता. न घेतलेल्या २४,१३४ आयांच्या मुलांत ५० जणांना. म्हणजे हजारी एक आणि हजारी दोन. बातमी झाली, ‘धोका निम्म्यावर!’ बातमी खोटी नव्हती. पण तेच आकडे उलटीकडून वाचा. गोळी न घेणाऱ्या हजार आयांपैकी ९९८ जणींच्या मुलांना हा त्रास झाला नाही. आणि ज्या ११४ मुलांना झाला, त्यातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ६४ जणांच्या आयांनी गोळी घेतलेलीच होती. मग एका घरातल्या एका मुलाकडं बोट दाखवून ‘गोळी चुकली म्हणून असं झालं’ असं कुठल्या आधारानं म्हणायचं?

शिवाय हा निरीक्षणाचा अभ्यास होता. गोळी वेळेवर घेणाऱ्या बायका शिक्षण, उत्पन्न, आहार अशा बाबतींतही वेगळ्या असू शकतात. सौम्य प्रकारांत नॉर्वेतही फरक दिसला नाही. २०१७ मध्ये स्टॉकहोमच्या अभ्यासात मल्टिव्हिटॅमिनचा संबंध काही प्रमाणात दिसला, पण नुसत्या फॉलिक ॲसिडबद्दल ठाम पुरावा मिळाला नाही. म्हणजे मज्जारज्जूच्या दोषाबाबत जेवढी खात्री आहे, तेवढी ऑटिझमबाबत नाही. हे दोन्ही एका तागडीत घालू नयेत.

जास्त गोळ्या म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. तिथं बऱ्याच आयांत बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. ते काम मधुमेहाचं होतं, ऑटिझमचं नव्हे. पण शिकवण सगळ्यांना लागू आहे: एकटं जीवनसत्त्व सुटं बघून चालत नाही.

तर मग करायचं काय? मूल हवं असं ठरलं की डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड आधीच सुरू करायचं. सरकारी धोरणात रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगितलंय, पहिल्या तीन महिन्यांपर्यंत. चौथ्या महिन्यापासून आशाताई देतात ती लोहाची गोळी १८० दिवस. हे सगळं पुढच्या बाळासाठी.

आणि जे मूल घरात आलंय, त्याच्या आईला मागचा हिशोब विचारू नका. विल्सबाईंनीही मुंबईच्या बायकांना ‘तुम्ही नीट का खाल्लं नाही?’ असं विचारलं नाही. त्यांच्या ताटात काय पडतं, ते त्यांनी पाहिलं. शोध तिथूनच लागला.