भामरागडचे पाणी आणि समुद्राच्या पोटातला उलटा प्रवाह

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेवरचा पूल बुडाला की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. पाणी मात्र थांबत नाही. ते इंद्रावतीतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. शालेय भूगोल इथेच थांबतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पूर्व किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. नद्यांमुळे खारटपणा कमी झालेले उपसागराचे पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरते आणि हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे चढते. त्यात गोदावरीचा वाटा आहे, म्हणजे कणभर का होईना, भामरागडचाही!

हे झाले पृष्ठभागाचे. त्याची दिशा खलाशांना शतकानुशतके ठाऊक होती, कारण त्यांची जहाजे त्यावरच चालत. खालच्या पाण्याशी मात्र कुणाचा व्यापार नव्हता. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून सेमूर सिवेल यांच्या नेतृत्वाखाली जॉन मरे मोहीम निघाली. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड थर आहे, हे या मोहिमेने दाखवून दिले.

पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९५९-६५) जॉन नॉस आणि ब्रूस टाफ्ट यांनी विषुववृत्ताखालचा अंतःप्रवाह मोजला. प्रशांत आणि अटलांटिक महासागरांत असा प्रवाह जवळपास बारमाही आहे. हिंदी महासागरात तो ईशान्य मोसमी काळाच्या अखेरीस ठळक दिसला, नैऋत्य मोसमी काळात मात्र नाही. वाऱ्यांबरोबर समुद्राचे पोटही ऋतू पाळते, हा बोध त्या काळी नवाच होता.

याच मोहिमेच्या प्रेरणेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय आज गोव्यात दोना पावला येथे आहे. १९८७ च्या पावसाळ्यात सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावर घेतलेल्या नोंदी विलक्षण ठरल्या. वरचा, जेमतेम ७५ ते १०० मीटर खोलीचा प्रवाह दक्षिणेकडे जात होता आणि त्याच्याच खाली, किनाऱ्याच्या उताराला बिलगून, दुसरा प्रवाह उत्तरेकडे. हिवाळ्यात हे चित्र उलटते: वर उत्तरेकडे, खाली दक्षिणेकडे.

कोकण-गोव्याच्या मच्छीमारांच्या दृष्टीने हा निव्वळ कुतूहलाचा विषय नाही. पावसाळ्यात खालचे थंड, प्राणवायूहीन पाणी वर सरकत किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात येते. त्यासोबत पोषक द्रव्ये येतात, म्हणून प्लवक फोफावते आणि मासळीला खाद्य मिळते. पण तळाशी प्राणवायू फारच घटला, तर तीच मासळी जागा सोडते किंवा गुदमरते. अन्न आणि गुदमर, दोन्ही एकाच पाण्यातून येतात.