टिटवे कोणी धरावे?

कोल्हापूरच्या वायव्येस, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, चैत्र पौर्णिमेला उंच सासनकाठ्या नाचू लागतात, गुलालाने दगडी कळस तांबडे होतात आणि 'चांगभलं'च्या गजरात जोतिबाची यात्रा भरते. ११ एप्रिल १८२७ हा दिवसही चैत्र पौर्णिमेचाच होता. त्या दिवशी जन्मलेल्या एका मुलाचे नाव यात्रेच्या दैवतावरून 'जोती' ठेवण्यात आले, असे जोतीराव फुले यांचे चरित्रकार सांगतात. देवाचे नाव मिळाले, पण आईचा सहवास मात्र वर्षभरही लाभला नाही. चिमणाबाई गेल्या आणि तान्ह्या जोतीला वाढवले ते नात्यातल्या बालविधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी. एका मिशनऱ्याच्या घरी अनाथ मुलांची देखभाल करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. जोतीरावांच्या कार्याचा विचार करताना आपण शाळा आठवतो, ग्रंथ आठवतो. परंतु जन्मदात्रीखेरीज अन्य स्त्रीच्या मांडीवर वाढलेले हे मूल होते, ही गोष्ट सहसा तळटिपेत राहते. ती मजकुरात आणावी, असे आम्हांस वाटते.

आपल्या भाषेकडेच पाहा. 'औरस', 'अनौरस', 'दत्तक', 'पोटचा', 'पोसलेला' अशी मुलांची प्रतवारी लावणारे शब्द मराठीत मुबलक आहेत. हे सारे शब्द मूल कोणाचे ते सांगतात; मुलाचे काय, हे त्यांतला एकही सांगत नाही. परक्या घरी वाढणाऱ्या मुलाचा आसरा ही त्याच्यावर केलेली दया की त्याचा हक्क, हा प्रश्न या शब्दांच्या आड दडून राहतो.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात स्वतःच्या जागेत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या एका ब्राह्मण विधवेने आपले मूल मारले आणि तिला अंदमानची जन्मठेप झाली, हे त्यामागचे निमित्त. विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल तेथेच ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. डिसेंबर १८८४ मध्ये सक्तीच्या वैधव्यासंबंधी सरकारला दिलेल्या टिपणात जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस विधवा येऊन प्रसूत झाल्या होत्या. मुले जिवंत होती पाच. उरलेली गर्भातच झालेल्या विषारी औषधांच्या माऱ्याने दगावली. आकडा लपवलेला नाही, की त्याभोवती करुणेची झूल घातलेली नाही. दार उघडले म्हणजे मूल वाचलेच असे नाही, हे त्या दोघांनी एकवीस वर्षे डोळ्यांनी पाहिले होते.

या गृहात आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ च्या सुमारास दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. योगायोग असा की, त्याच वर्षी कागलच्या घाटगे घराण्यात आणखी एक यशवंत जन्मला. १७ मार्च १८८४ रोजी तो यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. एकाच्या दत्तविधानाला दरबार होता, विधी होता, मान्यता होती. गादीला वारस हवा होता, म्हणून समाजाने परक्या घरातले मूल आनंदाने आपले मानले. दुसऱ्या यशवंताला आईबाप मिळाले. समाजाची मान्यता मात्र कोणी दिली नाही. मुलगी देण्यास लोक कचरत होते. अखेर १८८९ साली सत्यशोधक सहकारी ससाणे यांच्या कन्येशी त्याचा विवाह झाला. त्याआधी, १८८७ मध्ये, जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याचा वारसा कागदावर पक्का केला होता. प्रेमाने जे दिले ते कायद्यानेही टिकावे, ही दक्षता त्यात दिसते.

तरीही २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले तेव्हा प्रश्न उठलाच. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे? जो धरील तो वारस, अशी रूढी. भाऊबंदांनी यशवंताच्या अधिकाराला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले. या प्रसंगाचे वर्णन नेहमी स्त्रीच्या धैर्याचे उदाहरण म्हणून होते, आणि ते यथार्थच आहे. पण आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते : सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलासमोर, त्याच्या वडिलांच्या देहापाशी, तू या घरचा नव्हेस असे म्हटले जात होते. सावित्रीबाईंनी धरलेले टिटवे हे त्या मुलाच्या बाजूने दिलेले उत्तरही होते.

दुसऱ्या यशवंताचे उत्तर राजाज्ञेच्या रूपाने आले. १९२० साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या हक्कांविषयीचा कायदा केला. जन्माच्या परिस्थितीचा दंड मुलाने का भरावा, हा पुण्यातल्या स्मशानयात्रेत उभा राहिलेला प्रश्न जोतिबाच्या डोंगरापायथ्याच्या राज्यात कायद्याच्या भाषेत विचारला गेला. स्वतः दत्तक असलेल्या राजाने तो विचारावा, याला अर्थ आहे.

आज काय? २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने कुटुंबातील प्रतिपालनाला कायदेशीर स्थान दिले आहे, आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेणे हे त्यातील एक मूलभूत तत्त्व आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेला २०२३ मध्ये सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले आणि दरमहा साहाय्य ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाले. हे स्वागतार्हच. पण प्रतिपालन म्हणजे दत्तक नव्हे. त्यात वारसा नाही, कायमचे नाव नाही. अधिनियमाचे अनुरक्षणाचे कलम अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक आधार 'देता येईल' असे म्हणते. त्या शब्दांत कुटुंबात प्रतिपाल्य म्हणून वाढलेला तरुण बसत नाही, आणि जो बसतो त्यालाही ते मागता येण्याजोगे देणे नाही. योजनेवर सावित्रीबाईंचे नाव आहे. पण अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलासाठी टिटवे कोण धरणार, याचे उत्तर अजून कायद्यात नाही. ते उत्तर 'देता येईल' यातून 'द्यावे लागेल' असे झाले पाहिजे, आणि ठरवताना त्या मुलामुलींना विचारले पाहिजे.

मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. दवाखाना डॉक्टर झालेल्या यशवंताचा होता. त्याच संसर्गाने १० मार्चला त्या गेल्या. पाठीवरचे मूल परके होते, आणि ज्याच्या दारी ते नेले तोही एकेकाळी परकाच म्हटला गेला होता.