५३ मुक्काम, १२ स्थानके

वेगाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जपानमधील तोकाइदो मार्गापुरता तरी तो आधी वाटेचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. एदो (आजचे तोक्यो) ते क्योतो या सुमारे ५०० किलोमीटरच्या वाटेवर ५३ मुक्काम होते. पायी जाणारास दोन आठवडे लागत. १८०२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली इक्कूची 'हिझाकुरिगे' ही विनोदी प्रवासकथा आणि १८३३-३४ ची हिरोशिगेची चित्रमाला या मुक्कामांवरच उभी आहे. कथा घडते ती थांबलेल्या ठिकाणी.

१८८९ साली या वाटेवर लोहमार्ग पूर्ण झाला; पण तो १०६७ मिलिमीटरचा, अरुंद. १९५०च्या दशकात देशाच्या रेल्वे वाहतुकीचा सुमारे चौथा भाग एकट्या या मार्गावर होता. मोटार आणि विमानाच्या युगात रेल्वेचे दिवस भरले, असे अनेकांचे मत असताना १९५५ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झालेल्या शिंजी सोगो यांनी १४३५ मिलिमीटरच्या स्वतंत्र मार्गाचा आग्रह धरला. अभियंता हिदेओ शिमा यांना त्यांनी परत बोलावले. १९४० साली मंजूर होऊन युद्धात थांबलेल्या जुन्या योजनेतील बोगदेही नव्या मार्गाच्या कामी आले.

१९६१ मध्ये जागतिक बँकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. खर्च मात्र अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि १९६३ मध्ये सोगो व शिमा दोघेही पायउतार झाले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पहिली गाडी सुटली, तेव्हा फलाटावर ते नव्हते. ५१५ किलोमीटर, ४ तास, आणि स्थानके अवघी १२.

यशामागोमाग विस्तार आला: १९७२ मध्ये ओकायामा, १९७५ मध्ये हाकाता. त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९६४ हेच राष्ट्रीय रेल्वेच्या तुटीचेही पहिले वर्ष. पुढे कर्जाखाली दबलेली ती संस्था १९८७ मध्ये विभागली गेली. नागोयाच्या रहिवाशांनी गोंगाटाविरुद्ध १९७४ मध्ये लावलेला दावा १९८६ मध्ये तडजोडीने मिटला. १९९७ मध्ये नागानोपर्यंत नवा मार्ग झाला, तेव्हा योकोकावा ते कारुइझावा हा जुन्या मार्गाचा घाटातील तुकडा बंदच झाला.

जपानी कर्जावर उभारल्या जाणाऱ्या आणि २०१७ मध्ये भूमिपूजन झालेल्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर आहे, आणि स्थानके १२च. योगायोग खराच, पण तो आम्हांस विचारात पाडतो. अशा मार्गांच्या चर्चेत वाचलेले तास मोजले जातात. वगळलेल्या गावांचा हिशोब कोणत्या वहीत मांडला जातो? तोकाइदोच्या वगळलेल्या मुक्कामांना निदान इक्कू आणि हिरोशिगे भेटले होते. आपल्या वाटेवरील गावांचे लेखन कोणी केले आहे, हे शोधणे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे.